वय विचारणाऱ्यांनो

आज दुपारच्या प्रयोगाला गेले होते. मध्यंतरात वड्याच्या रांगेत मागे दोघं बोलत होते. "काम उत्तम करते, पण आता हिनं आईच्या भूमिका कराव्यात. मान बघ ना तिची." दुसरा हसला. तेवढ्यात घंटा झाली म्हणून वाचले ते. दुसऱ्या अंकात त्याच बाईनं अख्खं थिएटर रडवलं, पण माझं डोकं तापलं ते तापलंच.

घरी येऊन अमेरिकन दिग्दर्शक जॉन कॅसाव्हेटिसचा 'ओपनिंग नाइट' हा सिनेमा परत लावला. १९७७चा. त्यातली मर्टल गॉर्डन ही रंगभूमीवरची मोठी नटी. न्यूयॉर्कला नाटक उघडण्याआधी न्यू हेवनला प्रयोग चाललेत. सही घ्यायला आलेली एक वेडी चाहती, कोवळी पोरगी, भर पावसात गाडीखाली जाते आणि तिथून मर्टलचं बिनसतं. मेलेली पोर तिला दिसायला लागते. आणि नाटक कसलं, तर वय उतरणीला लागलेल्या बाईचं. लेखिका विचारते, तुझं वय काय? मर्टल सांगत नाही. दिग्दर्शकाला, सहनटाला कुणी विचारतं का?

माझी मावशी बँकेत नोकरी करून हौशी संस्थेत काम करायची. राज्य नाट्य स्पर्धा म्हणजे तिची दिवाळी. एका वर्षी वाचनाला गेली, तर नायिका दुसरीच आणि हिच्या हातात सासू. नायक मात्र जुनाच, हिच्याहून मोठा. "तुम्ही समजून घ्याल," म्हणाले. मावशीचे केस काळेभोर, त्यांना पांढरं फासलं. नायकाच्या पांढऱ्या केसांना कलप चालला!

सिनेमात मर्टलला रंगमंचावर थोबाडीत खायची नसते. दिग्दर्शक सांगतो, नट्यांनी थोबाडीत खायची परंपराच आहे. हे ऐकलं की मला ते "समजून घ्याल" ऐकू येतं. किती गोड आवाजात मारतात ही माणसं.

हो, मर्टल दारू पिते, सगळ्या कंपनीला वेठीला धरते. अशा नटीबरोबर मलाही काम करायला नको. आईच्या भूमिका मोठ्या असतात, हेही मान्य. पण त्या नटीनं मागून घ्याव्यात, तिच्या गळ्यात मारू नयेत.

मर्टलचं काम करणारी जीना रोलंड्स तेव्हा सत्तेचाळीसची होती. काय काम केलंय बाईनं! पहिल्या प्रयोगाला मर्टल इतकी पिऊन येते की उभं राहवत नाही, भिंतीला धरून सरपटते. तरी रंगमंचावर जाते आणि शेवटी लिहिलेलं बाजूला सारून समोरच्या नटाबरोबर स्वतःचं काहीतरी उभं करते. तिथं ती तरुण दिसत नाही. शहाणी होऊन वयापुढे मान तुकवत नाही. नाटकच बदलते! बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात १९७८ साली रोलंड्सला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक मिळालं, आणि खुद्द अमेरिकेत तेव्हा हा सिनेमा धड लागलाही नाही. २०२४च्या ऑगस्टमध्ये ती गेली, तेव्हा चौऱ्याण्णव वर्षांची होती.

मावशीला नाटक बदलता आलं नाही. सासू केली, चोख केली, आणि पुढच्या वर्षापासून तालमीला जाणं सोडलं. संस्थेतलं कुणी विचारायलाही आलं नाही. आता साठी उलटलीय तिची. आवाज अजून शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो, पाठांतर माझ्यापेक्षा चांगलं आहे.

तुमच्यापैकी कुणाकडे तिच्या वयाची नायिका असलेली एकांकिका असेल तर मला पाठवा. सासूची नको.