दहा दिवसांत आडनाव बदला, नाहीतर ग्रीन कार्ड गेलं?

यंदाच्या लगीनसराईत एक मजकूर माझ्या फोनवर इतक्या वेळा आला, की आता तो पाठ झालाय. वर हात जोडलेले, खाली ‘जनहितार्थ’, आणि मधे हे:

“मुलगी अमेरिकेत ग्रीन कार्डवर आहे आणि लग्न भारतात करताय? सावधान! लग्नानंतर दहा दिवसांत ग्रीन कार्डवर सासरचं नाव लावणं सक्तीचं आहे, नाहीतर कार्ड रद्द होतं. नाव न बदलल्यास लग्न खोटं समजून जावयाची फाइल फेटाळतात. पासपोर्टवर एक आणि कार्डावर दुसरं नाव दिसलं की विमानतळावरून परत पाठवतात. म्हणून गॅझेट, अपॉस्टिल, नोटरी सगळं इथेच उरकून घ्या, तिकडून काही होत नाही. नागरिकत्वानंतर तर नाव कधीच बदलता येत नाही.”

मी सदाशिव पेठेत बसून दाखल्यांची मराठीतून इंग्रजीत भाषांतरं करते. वकील नाही. पण जन्माचे, लग्नाचे, मृत्यूचे दाखले रोज हातांखालून जातात आणि ते पुढे कुठे लागतात, कुठे अडतात, हे गिऱ्हाइकंच परत येऊन सांगतात. फेब्रुवारीत कोथरूडच्या एक काकू आल्या. लेकीचं लग्न होऊन चौथा दिवस. हातात प्लास्टिकची फाइल, फोनवर हाच मजकूर. “ताई, सहाच दिवस उरलेत हो. रविवारी तिचं विमान आहे.” लेक मागे उभी होती, कोपरापर्यंत मेंदी, चेहऱ्यावर झोप. तिला विचारलं, तुला बदलायचंय का नाव? ती म्हणाली, “हे अजून कुणी विचारलंच नाही.”

तर एकेक घेऊ.

दहा दिवसांचा आकडा हवेतून आलेला नाही, म्हणूनच तो खरा वाटतो. अमेरिकेत राहणाऱ्या परदेशी नागरिकानं, त्यात ग्रीन कार्डवालेही आले, घर बदललं की नवा पत्ता दहा दिवसांत कळवायचा असतो. त्याचा फॉर्म एआर-११. फी नाही, घरबसल्या भरता येतो. पत्त्याचा हा नियम कुणीतरी नावाला चिकटवला आणि पाठवून दिला. नावाचा नियम निराळा आहे. नाव कायद्यानं बदललं असेल तर नवं कार्ड मागायचं, फॉर्म आय-९०. पण त्याला दहा दिवसांची टांगती तलवार नाही, आणि मुळात ‘बदललं असेल तर’ हे शब्द महत्त्वाचे. लग्न झालं म्हणजे नाव बदललं, असं अमेरिकेचा कायदाही म्हणत नाही आणि आपलाही. १९५५ चा हिंदू विवाह कायदा आणि १९५४ चा विशेष विवाह कायदा, दोन्ही काढून बघा. बायकोनं कुठलं आडनाव लावायचं याबद्दल त्यांत अवाक्षर नाही. सासरचं नाव ही आपली रीत आहे. मी स्वतः लावलंय, माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. पण रीतीला कायद्याची टोपी घालू नये.

(आणि कार्ड खरंच अडचणीत येतं ते कशानं, ते या मजकुरात कुठेच नाही. सासरी राहायला म्हणून आलेली मुलगी री-एन्ट्री परमिट, म्हणजे परत आत यायचा आगाऊ परवाना, न घेता वर्षभर किंवा त्याहून जास्त इथेच राहिली, तर परत आत जाताना ते कार्ड चालत नाही. ‘राहू दे की थोडी, नवीन लग्न आहे’ म्हणणाऱ्या घरांनी कॅलेंडर जरूर बघावं.)

या मुद्द्याला लागूनच कुणीतरी मला सुनावलं, की महाराष्ट्र सरकारनंही २०२४ पासून नावाची सक्ती केलीय. तो निर्णय १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव घालण्याचा आहे. त्याचा कुणाच्या ग्रीन कार्डाशी काय संबंध?

“लग्न खोटं समजून जावयाची फाइल फेटाळतात.” या वाक्यानं सगळ्यात जास्त झोपा उडवल्यात. मुलगी परत जाते, नवऱ्याला तिकडे नेण्यासाठीचा अर्ज, आय-१३०, भरते, जावई इथे हिंजवडीला नोकरी करत वाट बघतो. त्या अर्जात लग्न खरं आहे हे दाखवावं लागतं, हे बरोबर. कशानं दाखवायचं? दोघांच्या नावावरचं भाडेपत्र किंवा मालमत्ता, एकत्र बँकखातं, मुलं असतील तर त्यांचे जन्मदाखले, ओळखीच्यांची प्रतिज्ञापत्रं. नवीन जोडप्याकडे यातलं फारसं नसतं, तेव्हा फोटो, एकमेकांकडे केलेल्या प्रवासाची तिकिटं, बोलण्याच्या नोंदी जोडतात. एक आडनाव असणं ही अट कुठेच नाही. अमेरिकेतल्या कितीतरी बायका स्वतः माहेरचं नाव ठेवतात. त्यांच्या अधिकाऱ्याला दोन आडनावांचं नवल कशाला वाटेल?

उलट मी बघितलेली अडचण आडनावाची नव्हतीच. अडचण होती वेलांटीची. दीपाली नावाची मुलगी समजा. पासपोर्टवर तिची स्पेलिंग दोन ‘ई’ घालून, क्षेत्रीय कार्यालयातून मिळालेल्या लग्नाच्या दाखल्यावर एका ‘आय’नं. तीच गत क्षीरसागरांची आणि चौधरींची. आपल्याला दोन्ही एकच वाटतं, कारण आपण वाचताना मराठी वाचतो. तिकडचा माणूस अक्षरं जुळवतो. म्हणून दाखला हातात पडला की खिडकीवरून हलायच्या आधी तिघांचे पासपोर्ट काढून अक्षर न् अक्षर ताडून बघा. तिघांचे म्हणजे मुलगा, मुलगी आणि मधल्या नावापुरते वडील. तिथल्या तिथे दुरुस्ती सोपी असते, बॉस्टनहून फोनवर मामाला पिटाळून करून घेणं नाही.

दाखला म्हणजे नोंदणीचा, बरं का. मंगल कार्यालयानं हौसेनं दिलेलं किंवा गुरुजींच्या सहीचं रंगीत प्रमाणपत्र भिंतीवर लावायला छान आहे. अर्जाला महापालिकेचा नोंदणी दाखला लागतो, ज्याच्यासाठी नमुना ‘ड’ भरतात, पत्रिका जोडतात, पुरोहिताची आणि तीन साक्षीदारांची सही घेतात. महाराष्ट्रात त्यासाठी १९९८ चा कायदा आहे आणि लग्नापासून ९० दिवसांत नोंदणी करणं अपेक्षित आहे. घाई करायचीच असेल तर ती इथे करा.

आता विमानतळ. पासपोर्ट माहेरच्या नावाचा आणि कार्डही माहेरच्या नावाचं असेल, तर प्रश्नच मिटला. मंगळसूत्र बघून कुणी आडनाव विचारत नाही. प्रश्न येतो तो एकच कागद बदलल्यावर. कार्ड जुन्या नावाचं आणि पासपोर्ट नव्या नावाचा, तरीही प्रवास करता येतो. लग्नाचा दाखला सोबत हवा, म्हणजे जुन्या नावावरून नव्या नावाकडे कसे आलात हे दिसतं. अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याचीही हीच भूमिका आहे. त्यांच्या नोंदीत माणूस ओळखला जातो तो बोटांच्या ठशांवरून आणि कार्डावरच्या ‘ए’ क्रमांकावरून. तो क्रमांक लग्नानं बदलत नाही, घटस्फोटानं नाही आणि नवं कार्ड आलं तरी नाही. तिकीट मात्र पासपोर्टवर जे नाव असेल त्याच नावानं काढा. सासरच्यांनी कौतुकानं नव्या नावानं तिकीट काढलं आणि पासपोर्ट जुना, अशी एक केस माझ्या माहितीत आहे. पहाटे अडीच वाजता काउंटरवर काय रामायण झालं ते सांगत नाही.

म्हणूनच तीन आठवड्यांच्या सुट्टीत भारतीय पासपोर्ट बदलायला काढू नका असं मी काकूंना म्हटलं. पासपोर्टवर नाव खोडून दुसरं लिहीत नाहीत, नवीन पुस्तिका निघते, तिला पोलीस पडताळणी लागू शकते, आणि रविवारचं विमान मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रासाठी थांबत नाही. ‘तिकडून होत नाही’ हेही खरं नाही. भारतीय वकिलाती तिकडे राहणाऱ्यांचे पासपोर्ट नव्यानं देतात, नाव बदलूनसुद्धा. आणि आय-९० तर तिकडूनच करायचा, कारण ठसे द्यायला बोलावलं तर ते केंद्र अमेरिकेत असतं. त्याची फी १ एप्रिल २०२४ च्या दरानं ऑनलाइन ४१५ डॉलर, कागदावर ४६५. भीतीपोटी खर्च करावा इतकी ती लहान नाही.

गॅझेट, अपॉस्टिल, नोटरी या त्रिकुटाबद्दल बोलताना मला माझ्याच शेजाऱ्यांचं गिऱ्हाईक घालवावं लागतंय. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याला मराठी दाखल्याचं पूर्ण इंग्रजी भाषांतर लागतं. त्याखाली भाषांतर करणाऱ्यानं लिहून सही करायची: भाषांतर पूर्ण आणि अचूक आहे, आणि मला दोन्ही भाषा येतात. संपलं. नोटरीचा शिक्का मागितलेला नाही. दाखला मुळातच दोन्ही भाषांत असेल आणि इंग्रजी भाग पूर्ण असेल तर माझीही गरज नाही. अपॉस्टिल, म्हणजे आपला कागद परदेशात मानला जावा म्हणून सरकार देतं तो शिक्का, ही खरी गोष्ट आहे, त्याच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत २००५ पासून आहे आणि कितीतरी देश तो शिक्का मागतात. ग्रीन कार्डाच्या अर्जाला लग्नाच्या दाखल्यावर तो लागत नाही. या काकूंना एका एजंटानं तिन्हींचं मिळून एक ‘पॅकेज’ सांगितलं होतं. आकडा ऐकून मी पाणी प्यायले. गॅझेट, म्हणजे सरकारी राजपत्रात नाव बदलल्याची नोंद छापणं, तेही लग्नानंतरच्या आडनावासाठी नको. पासपोर्टला लग्नाचा दाखला पुरतो.

गॅझेटचा विषय येतो तो आपल्या एका खास लाडक्या प्रथेमुळे, आणि मजकूर लिहिणाऱ्याला नेमकं तेच सुचलेलं नाही. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात नाव लिहितो आणि मृणालची मधुरा होते. वर मधल्या नावात सुरेश जाऊन नितीन येतो आणि जोशींच्या कुलकर्णी होतात. आपण याला एक नाव बदलणं म्हणतो. कागदाच्या हिशेबानं ही तीन नावं आहेत. भारतीय पासपोर्टवर मधल्या नावाला स्वतःची जागा नाही, ते पहिल्या नावाच्याच रकान्यात बसतं. म्हणजे वडिलांचं नाव काढून नवऱ्याचं घातलं की तिकडच्या नजरेत तुमचं पहिलं नावसुद्धा बदललं. लग्नाच्या दाखल्याच्या जोरावर आडनाव बदलणं सगळीकडे समजतं. मधल्या नावाबाबत अमेरिकेत राज्याराज्यांचे नियम वेगळे आहेत. आणि पहिलं नाव बदलायला दाखला सहसा पुरत नाही. तिकडे कोर्टाचा हुकूम लागतो, इकडे गॅझेट. तेव्हा आडनाव लावायची हौस असेल तर खुशाल लावावं. मधल्या नावाचा विचार करावा. तांदळातलं नाव तांदळात राहू द्यावं, निदान कागदोपत्री.

एकदा ठरवलं की मात्र अर्ध्यावर सोडू नये. सोशल सिक्युरिटीच्या, म्हणजे तिकडच्या सरकारी क्रमांकाच्या, कार्डावर नाव बदलून मिळतं, त्याला पैसे पडत नाहीत आणि क्रमांक तोच राहतो. आयकराच्या विवरणपत्रावरचं नाव त्या नोंदीशी जुळलं पाहिजे, नाहीतर परतावा रखडू शकतो. मग लायसन्स, बँक, नोकरीची जागा. ७ मे २०२५ पासून तिकडे देशांतर्गत विमानाला रिअल आयडी, म्हणजे कडक पडताळणी करून दिलेलं लायसन्स किंवा ओळखपत्र, मागतात, त्यासाठीही जुन्या-नव्या नावाला जोडणारा दाखला दाखवावा लागतो. त्याच्या अधिकृत प्रती चार-पाच काढून ठेवा.

राहिला नागरिकत्वाचा मुद्दा, तो तर साफ उलटा सांगितलाय. ग्रीन कार्डावर साधारण पाच वर्षं झाली, किंवा अमेरिकी नागरिकाशी लग्न करून एकत्र राहत असाल तर तीन, की नागरिकत्वाचा अर्ज, एन-४००, भरता येतो. त्या अर्जातच नाव बदलायचं आहे का हा प्रश्न आहे. शपथविधी न्यायाधीशासमोर होणार असेल तर तिथेच कोर्टाच्या हुकमानं नाव बदलून मिळतं, पहिलं, मधलं, शेवटचं, कुठलंही. ज्यांना आज ठरवता येत नाही त्यांनी पाच वर्षांनी ठरवावं.

काकूंची लेक हे सगळं ऐकत होती. शेवटी म्हणाली, सध्या आहे तेच राहू दे, माझे सगळे पेपर याच नावानं छापलेत. ती संशोधन करते हे मला तेव्हा कळलं. काकू गप्प झाल्या, मग हळूच म्हणाल्या, “पण पत्रिकेवर आम्ही ‘चि. सौ. कां.’च्या खाली कंसात नवं नाव छापलंय. व्याह्यांना वाईट वाटेल.”

पत्रिका बघितली. खरंच छापलं होतं, सोनेरी अक्षरांत. मी म्हटलं, आय-१३० मध्ये ‘वापरलेली इतर नावं’ असा रकाना आहे, तिथे लिहा. सासरचं नाव अमेरिकेच्या दप्तरी गेलं म्हणून सांगा व्याह्यांना. लेक पहिल्यांदा हसली. मग मी दाखला पुढ्यात ओढला आणि पासपोर्ट मागितला. नवऱ्याच्या नावात एक ‘एच’ कमी होता.