उजव्या हाताला पांढरं

काल रात्री ऐन साडेआठला आमचा टीव्ही मुका झाला, म्हणून शेजारच्या अण्णांकडे मालिका बघायला गेलो. बाहेर पाऊस, आत कांदाभजी. पाचव्याच मिनिटाला खलनायक बुद्धिबळाचा पट मांडून बसलेला दिसला. खलनायकाला कॅरम खेळताना मी अजून पाहिलेलं नाही. माणूस डोकेबाज आहे हे सांगायचं असलं की आणा पट.

"पट आडवा मांडलाय," मी बोलून गेलो. तिथेच चुकलं.

नियम एका ओळीचा आहे. बसल्यावर आपल्या उजव्या हाताच्या कोपऱ्यातलं घर पांढरं हवं. मग वजीर आपापल्या रंगाच्या घरात जातो, पांढरा पांढऱ्यात आणि काळा काळ्यात, नि राजा त्याच्या शेजारी. इथे उजवा कोपरा काळाकुट्ट आणि पांढरा वजीर काळ्या घरात अंग चोरून उभा.

"कॅमेरा पलीकडून लावला असेल," अण्णा म्हणाले.

"पलीकडून लावला तरी त्या बाजूच्या उजव्या हाताला पांढरंच येतं, अण्णा. पट अर्धा फिरवला तर काही बदलत नाही. पाव फिरवला की बिघडतं."

"मग बाजूनं लावला असेल."

"बाजूनं लावला तर सोंगट्या डावी-उजवीकडे दिसतील. इथे समोर आहेत."

अण्णांनी एक भजं संपवलं, दुसरं उचललं आणि ते माझ्याकडे रोखून म्हणाले, "आरसा."

"काय?"

"चित्र उलटं केलं असेल रे. मोबाइलवर स्वतःचा फोटो काढला की माझा भांग नाही का दुसरीकडे जात? तसं."

मी गप्प झालो. कारण हे, दुर्दैवानं, बरोबर होतं. आरशात डावं-उजवं बदलतं, म्हणजे नीट मांडलेल्या पटाचा उजवा कोपराही काळाच दिसणार. अण्णांना सोंगट्यांपैकी घोडा तेवढा ओळखता येतो, आणि त्यांनी मला भज्याच्या टोकावर धरलं होतं! जाहिराती संपेपर्यंत मी मनात पट उलटासुलटा करत बसलो. मग सुचलं. आरशात बाजू बदलते, रंग नाही. पांढरा वजीर डावीकडचा उजवीकडे गेला तरी उभा पांढऱ्यातच राहणार. इथे तो काळ्यात होता. शिवाय मागच्या भिंतीवरच्या घड्याळाचे आकडे सरळ होते.

"घड्याळ नंतर कॉम्प्युटरनं बसवलं असेल," अण्णा म्हणाले. "आणि तुला गोष्ट बघायचीय की घरं मोजायचीत?" भज्यांची ताटली माझ्या गुडघ्यांवरून पलीकडे गेली ती गेलीच.

चुकीला वकील मिळतोच, हे मात्र खरं. '२००१: अ स्पेस ओडिसी' या १९६८ च्या चित्रपटात हॅल नावाचा संगणक अंतराळवीराशी बुद्धिबळ खेळतो. डाव खरा, १९१० साली हॅम्बुर्गमध्ये खेळलेला. पण हॅल एक खेळी चुकीची उच्चारतो. तेव्हाच्या इंग्रजी पद्धतीत प्रत्येक खेळाडू रांगा आपल्या बाजूनं मोजायचा. हॅल काळ्याकडून खेळतोय, त्यानं उंटाच्या पट्टीतलं सहावं घर म्हणायला हवं होतं. तो म्हणतो तिसरं. यावरही समर्थन तयार आहे: म्हणे हीच त्याच्या बिघाडाची पहिली खूण! अण्णा एकटे नाहीत. १९६३ च्या जेम्स बाँडपटात, 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मध्ये, सोव्हिएत बुद्धिबळपटू स्पास्कीनं १९६० साली ब्रॉनस्टीनला हरवलेला डाव उचललाय, पण पांढऱ्याची दोन प्यादी पटावरून गायब. त्याचंही कुणीतरी कारण देईलच.

अण्णांना खरा बचाव सुचला नाही, आणि मीही सांगितला नाही. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या पटांवर काळी-पांढरी घरंच नसत, नुसत्या रेषा असत. तिथे कोपरा पांढरा कुठून आणणार? 'शतरंज के खिलाडी' ही प्रेमचंदांची १९२४ ची कथा. सत्यजित राय यांनी तिच्यावर १९७७ मध्ये चित्रपट केला. त्यात इंग्रजांच्या बुद्धिबळात वजिराच्या जागी राणी असते, हे मुन्शी समजावून सांगतो. राज्य जायला आलंय आणि कथेतले दोघे सरदार पटावर. पण मांडणीचं भान त्यांना होतं हो!

राणीवरून आठवलं. 'द क्वीन्स गँबिट' ही बुद्धिबळावरची २०२० ची मालिका. सल्लागार माजी जगज्जेता कास्पारोव्ह आणि बुद्धिबळाचे प्रशिक्षक पँडॉल्फिनी, त्यामुळे तिथे असला आडवेपणा नाही. "त्यात राणी मरते का?" हाही काल अण्णांचाच प्रश्न. राणी कुठली, आपल्याकडे तो वजीर, मिशीवाला. आणि मरत कुणीच नाही, ते डावाच्या एका सुरुवातीचं नाव आहे. पांढरा वजिरापुढचं प्यादं दोन घरं सारतो, काळाही तसंच करतो, मग पांढरा शेजारचं, उंटापुढचं प्यादं देऊ करतो. काळ्यानं ते खाल्लं तरी पचत नाही. पांढरा ई-तीन खेळतो (अक्षर उभ्या पट्टीचं, आकडा रांगेचा); काळा बी-पाचवर प्यादं आणून राखायला गेला, की पांढरा ए-चार खेळतो. सी-सहानं आधार दिला तर मारामारी, आणि वजीर एफ-तीनवर येऊन कोपऱ्यातल्या हत्तीवर डोळा ठेवतो. हे मी सांगत असताना अण्णांनी आवाज वाढवला. टीव्हीचा.

माझी तक्रार एवढीच आहे, की नायिकेची टिकली दोन दृश्यांत बदलू नये म्हणून सेटवर माणूस नेमलेला असतो. पट फिरवायला दहा सेकंदं लागतात. पुढे खलनायक "शह आणि मात!" ओरडला आणि समोरचा दचकला. अहो, ज्याला खेळता येतं त्याला मात चार खेळ्या आधी दिसते, तो हात मिळवून डाव सोडतो. दचकतो कोण? चौथ्या खेळीला मात खाणारा, कारण एफ-सातच्या घराला राजाशिवाय राखणदार नसतो हे त्याला ठाऊक नसतं.

आज सकाळी लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी भेटल्या. हसून म्हणाल्या, "तुम्हाला म्हणे आरशातलं कळलं नाही?"

वजीर काळ्या घरात होता, असं मी म्हणेपर्यंत तळमजला आला.