पुस्तक ‘सगळ्यांचं’ करायचं, तर आधी ते कुणाचं आहे ते शोधा

‘ज्ञान कुणाच्या बापाचं नाही’ म्हणत जुन्या मराठी पुस्तकांच्या पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवणारे एकीकडे. ‘सर्व हक्क स्वाधीन’ छापून ठेवून तीस-तीस वर्षं आवृत्ती न काढणारे दुसरीकडे. मला दोघांचाही सारखाच राग येतो. फिरत्या पीडीएफमधून पुस्तक वाचता येतं, बस्स. ते छापायचा, दुरुस्त करायचा, त्याचं ऑडिओबुक करायचा हक्क कुणालाच मिळत नाही. सामायिक मालकीला खासगी मालकीपेक्षा जास्त कागद लागतात, आणि नेमके तेच करायचा आपल्याला कंटाळा.

स्वामित्वहक्काचा, म्हणजे कॉपीराइटचा, कायदा १९५७चा. लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजायची. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०११ला मुक्त झालं. वि. स. खांडेकर १९७६ साली गेले, म्हणजे २०३७पर्यंत थांबायचं. दोघांनी मिळून लिहिलेलं असेल तर शेवटी गेलेल्याच्या मृत्यूपासून मोजतात. लेखकाच्या पश्चात पहिल्यांदा छापलेलं लेखन असेल तर प्रकाशनापासून ६० वर्षं. पेटीतली अप्रकाशित वही घाईघाईनं छापणाऱ्या नातवंडांनी हे आधी वाचावं.

आता ज्यांच्या घरात असा एखादा लेखक होऊन गेला आणि त्याचं पुस्तक मुदतीआधीच सगळ्यांना खुलं करायचंय, त्यांच्यासाठी. स्वामित्वहक्काला सातबारा नसतो. नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे वारसनोंद होत नाही आणि आजोबांच्या पुस्तकाचे मालक किती हे घरातल्या कुणालाच नीट माहीत नसतं. हिंदू लेखक मृत्युपत्र न करता गेला असेल, तर पत्नी, आई, मुलगे आणि मुली असे सगळे सारख्या हिश्शाचे मालक. मुलगा परस्पर परवानगी देऊन टाकतो आणि आत्याला, म्हणजे लेखकाच्या मुलीला, विचारतच नाही, हा घोळ सर्वांत जास्त होतो. एका सहमालकाला इतरांच्या संमतीवाचून परवाना देता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयानं २००८ साली एका चित्रपटाच्या प्रकरणात सांगितलेलं आहे. तेव्हा आत्याची सही हवीच. मृत्युपत्रात ‘माझी हस्तलिखितं अमक्याला’ असं लिहिलेलं असेल आणि ती अप्रकाशित असतील, तर वेगळं काही म्हटलेलं नसल्यास स्वामित्वहक्कही हस्तलिखिताबरोबर त्याच्याकडेच जातो (कलम २०). हे कलम फार थोड्यांना ठाऊक असतं.

मग प्रकाशकाचा कागद काढा. ‘आम्ही हक्क विकत घेतलेत’ एवढ्या तोंडी दाव्यावर जाऊ नका. हक्काचं हस्तांतर लेखी आणि लेखकाच्या सहीचं नसेल, तर ते झालेलंच नाही. बऱ्याच जुन्या पत्रांत एका आवृत्तीची परवानगी आणि मानधन एवढंच असतं. आवृत्ती संपली की विषय संपला. १० मे १९९५नंतरचा करार असेल तर आणखी बरं. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं धरतात, प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत, आणि प्रकाशकानं हक्क वर्षभर वापरलाच नाही तर, करारात वेगळं काही ठरलेलं नसल्यास, तो हक्क संपतो. त्याआधीच्या करारांना मात्र ही सवलत नाही, तिथे कागदावर जे आहे ते.

मुखपृष्ठ, आतली चित्रं आणि दुसऱ्या कुणाची प्रस्तावना ही वारसांची नव्हेत. स्कॅनमधून ती पानं काढा, किंवा त्यांची वेगळी परवानगी घ्या.

परवाना कुठला द्यायचा? हक्कावर पाणी सोडायची तरतूद कलम २१मध्ये आहे, पण ती ‘लेखका’ला आहे, वारसांना नाही. वारसांनी कलम ३०खाली लेखी परवाना द्यावा. माझ्या मते क्रिएटिव्ह कॉमन्सचा (खुल्या वापरासाठीचे तयार परवाने पुरवणारी संस्था) बाय-एसए ४.० हा सर्वांत शहाणा: नाव द्या, बदल केलेत तर सांगा, आणि तुमची सुधारित प्रतही याच अटींवर खुली ठेवा. हा परवाना दिला की मागे घेता येत नाही, म्हणून सही करण्याआधी घरातली सगळी भांडणं उरकून घ्या. ‘व्यावसायिक वापर नको’ ही अट घालायचा मोह बहुतेकांना होतो. ती घातलीत तर मराठी विकिस्रोत (विकिपीडियाचं भावंड असलेलं खुलं ऑनलाइन ग्रंथालय) ते पुस्तक घेणार नाही, आणि तालुक्याचं वाचनालय प्रती छापून विकायला बिचकेल. आपण पैसे सोडले आणि दुसऱ्यानं कमावले तर, या भीतीपोटी पुस्तक मरू द्यायचं, हे मला पटत नाही. शिवाय परवाना दिल्यावरही वारस स्वतः आवृत्ती काढून विकू शकतातच. कुणी लेखकाचं नाव गाळलं किंवा मजकुराची बदनामीकारक मोडतोड केली तर दाद मागायला कलम ५७ शाबूत आहे. ब्रेल किंवा अंधांसाठीच्या ध्वनिमुद्रणाला, ना-नफा तत्त्वावर, २०१२पासून परवानगीच लागत नाही.

संमतिपत्रात प्रत्येक पुस्तकाचं नाव, पहिल्या प्रकाशनाचं साल, परवान्याचं पूर्ण नाव आवृत्तिक्रमांकासह, आणि सगळ्या वारसांची नावं-सह्या-तारखा. ‘समग्र साहित्य’ असं मोघम लिहू नका.

पुढचं काम मजुरीचं आहे. स्कॅन ३०० डीपीआयला करा. ओसीआर (स्कॅनच्या चित्रातून मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर) ‘घ’चा ‘ध’ करतं, ‘भ’चा ‘म’, आणि अनुस्वार गिळतं. १९६२च्या लेखननियमांआधीचं पुस्तक असेल तर ‘केलें’, ‘त्यांतील’ हे अनुस्वार जसेच्या तसे ठेवा, ‘शुद्ध’ करू नका. डीटीपीची (छपाईसाठी संगणकावर जुळवलेली) फाइल मिळाली म्हणून हुरळूनही जाऊ नका: ती युनिकोडपूर्व (आजची सर्वमान्य संगणकीय अक्षरपद्धत येण्याआधीच्या) फाँटात असेल तर रूपांतरात रफार आणि पहिली वेलांटी भलत्या अक्षरावर जाऊन बसतात. विकिस्रोतावर प्रत्येक पान एकानं तपासलं की पिवळं होतं, दुसऱ्यानं तपासलं की हिरवं. हिरवं होईपर्यंत छापायला घेऊ नये.

एखादा वारस सापडतच नसेल तर? कलम ३१ अ आहे. मालक सापडत नाही अशा कृतीसाठी सक्तीचा परवाना मागता येतो. अर्जाआधी देशाच्या मोठ्या भागात खपणाऱ्या इंग्रजी दैनिकात जाहिरात द्यावी लागते. मराठी दैनिकातही द्यायची ती फक्त मराठी अनुवाद छापायचा असेल तर. मूळ मराठी पुस्तकाचा मराठी वारस इंग्रजी पेपर वाचतच असणार, अशी कायद्याची श्रद्धा दिसते.