गर्दी बघून घुसू नका: एका खरमरीत प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही नाव दिलं नाहीत, त्यामुळे नुसताच नमस्कार. मोठ्या शहरात बाहेर जेवायला चांगली जागा कशी शोधावी, यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही 'रिकामटेकड्याचे उद्योग' म्हणालात. ते जरा लागलंच. पण पुन्हा वाचल्यावर लक्षात आलं की त्या एका शब्दाखाली तीन चांगले मुद्दे दडलेत, आणि त्यातल्या एकावर तर मला हारच मानावी लागणार आहे. प्रतिक्रियेच्या चौकटीत मावेना, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

ज्यांनी प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी सांगतो. पहिला आक्षेप असा की अ‍ॅपवरच्या ताऱ्यांना भुलू नका असं सांगून मी पुढच्याच परिच्छेदात 'गर्दी दिसेल तिथे डोळे मिटून घुसा' असं लिहिलं. तारे म्हणजे तरी मोबाईलमधली गर्दीच ना? दुसरा, सोबत गुडघे दुखणाऱ्या सासूबाई आणि भुकेने कावलेलं पोर असताना गल्लीबोळ हिंडायला वेळ कुणाला आहे? तिसरा, एवढं ज्ञान पाजळून एकाही जागेचं नाव का दिलं नाही?

हार मानायची ती पहिल्यावर. ते वाक्य चुकलंच. आणि चुकायला नको होतं, कारण या विषयावरचं अर्थशास्त्रातलं प्रसिद्ध उदाहरण नेमकं जेवायच्या जागांचंच आहे. अभिजित बॅनर्जी यांनी (ज्यांना २०१९मध्ये नोबेल मिळालं) १९९२मध्ये माणसांच्या कळपवृत्तीवर एक शोधनिबंध लिहिला. त्यात शेजारीशेजारी दोन रेस्टॉरंट आहेत, 'अ' आणि 'ब'. 'अ' जास्त चांगलं असण्याची शक्यता ५१ टक्के, 'ब'ची ४९. १०० माणसं जेवायला निघालीत आणि प्रत्येकाच्या कानावर आपापलं काहीतरी आलंय. ९९ जणांना कळलंय की 'ब' चांगलं. एकालाच कळलंय की 'अ' चांगलं, आणि नेमका तोच सगळ्यांत आधी पोचतो. तो 'अ'मध्ये बसतो. दुसऱ्याच्या कानावर 'ब' आहे, पण डोळ्यांसमोर 'अ'मध्ये बसलेला माणूस. दोन्ही बातम्यांची फिटंफाट झाली, उरला तो ५१-४९चा कल, म्हणून तोही 'अ'मध्ये. तिसरा या दोघांना बघून जातो, चौथा तिघांना बघून. शेवटी १०० जण 'अ'मध्ये दाटीवाटीने बसलेत, 'ब'चा मालक गल्ल्यावर बसून रस्ता बघतोय, आणि ९९ जणांना ठाऊक असलेली गोष्ट कुणाच्याच कामाला आली नाही. यात मूर्खपणा कुणीच केलेला नाही, हीच मोठी गंमत.

म्हणजे तुमचं बरोबर. दारातली गर्दी आणि अ‍ॅपवरचे तारे, दोन्हींत पुढच्याला बघून त्याच्या मागे उभं राहणं आहे.

हे मी स्वतः भोगलेलंही आहे. एका जागेबाहेर ही रांग. 'एवढे लोक उगाच थांबतील का' म्हणत मीही वहीत नाव लिहून उभा राहिलो. पन्नासएक मिनिटांनी आत गेलो तर निम्मी टेबलं रिकामी, त्यातल्या काहींवर आधीच्या गिऱ्हाइकांची खरकटी ताटं तशीच. टेबल पुसायला एकच पोरगा, आणि तोच मधूनमधून बाहेर येऊन वहीतली नावं पुकारत होता. बाहेरची रांग ही चवीची नव्हतीच, ती कमी माणसांत हॉटेल चालवण्याची होती. जेवण? आठवत नाही. यातच काय ते समजा.

पण गर्दीला सरसकट मोडीत काढू नका, कारण तिचं एक वेगळं काम आहे आणि त्याचा चवीशी थेट संबंध नाही. ते म्हणजे माल फिरता ठेवणं. शिजवलेलं अन्न ५ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधल्या टापूत राहिलं की त्यात जंतू भराभर वाढतात. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, वाढेपर्यंत ते ६० अंशांच्या वर ठेवा, नाहीतर ५च्या खाली, आणि बाहेरच्या तापमानाला दोन तासांपेक्षा जास्त नको. ज्या जागेत पातेलं तासाभरात रिकामं होतं तिथे हा नियम आपोआपच पाळला जातो. जिथे संध्याकाळी सातला सगळा हॉल मोकळा आहे आणि मेनूकार्ड मात्र चौदा पानी आहे, तिथे त्यातले बरेचसे पदार्थ कधी केलेले असतील याचा विचार करा. चौदा पानांचं मेनूकार्ड दिसलं की मी दुसरीकडे बघतो, मग गर्दी असो वा नसो. एवढे प्रकार ताजे करणारं स्वयंपाकघर त्या हॉलपेक्षा मोठं लागेल.

तेव्हा माझं वाक्य दुरुस्त करून सांगायचं तर, गर्दी मोजू नका, गर्दीत कोण आहे ते बघा. पुन्हापुन्हा येणारी माणसं आहेत की पहिल्यांदाच आलेली? हे ओळखायला पाच मिनिटं पुरतात. परवा एका छोट्या जागेत बघितलं. एक गृहस्थ आले, खांद्यावरची पिशवी नेहमीच्या खुंटीला अडकवावी तशी खुर्चीच्या पाठीला अडकवली, आणि मेनूकार्डाकडे न बघता पेपर उघडला. वेटरने त्यांना काहीही विचारलं नाही. चार मिनिटांत ताट समोर. मग त्यांनी पेपरातून मान वर काढून एवढंच विचारलं, "आज तो नाही का?" वेटर म्हणाला, "गावाला गेलाय, सोमवारी येईल." आचाऱ्याबद्दल बोलत होते! एका घासात त्यांना कळलं होतं की आज हात वेगळा आहे. अशी चारदोन गिऱ्हाइकं ज्या जागेला आहेत, तिथे आचाऱ्यावर पहारा आहे असं समजा.

याच्या उलट जागा म्हणजे बघण्यासारख्या स्थळासमोरची, स्टेशनाच्या तोंडावरची. तिथला गिऱ्हाईक बहुतेक वेळा पुन्हा येणारच नसतो. तो खूश झाला काय, चरफडत गेला काय, उद्या दुसरा आहेच. शिवाय मोक्याच्या जागेचं भाडं कुठून तरी काढावं लागतं, आणि ते ताटातूनच निघतं. ऑफिसांच्या मागच्या गल्लीतल्या मालकाला ही चैन परवडत नाही. मंगळवारी वाईट जेवलेला माणूस बुधवारी समोरच्याकडे जातो आणि चार सहकाऱ्यांना घेऊन जातो.

आता ताऱ्यांबद्दल. 'हजारो लोकांचं मत खोटं आणि तुमचं एकट्याचं नाक खरं?' असं तुम्ही विचारलंत. खोटं नाही हो. फक्त ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर आहे हे कळत नाही, आणि माझी सगळी तक्रार तेवढीच आहे. जेवायच्या जागांना तारे देण्याची पद्धत मिशेलिन या टायर कंपनीच्या गाइडने रूढ केली. गाइड निघालं १९००मध्ये, मोटारवाल्यांना फुकट वाटायला. लोक जास्त फिरले तर टायर जास्त झिजणार, इतका साधा हिशेब. तारा आला १९२६मध्ये आणि थोड्याच वर्षांत एक, दोन, तीन अशी उतरंड झाली. तिचा अर्थ बघा. एक तारा म्हणजे आपल्या प्रकारात फार चांगलं. दोन तारे म्हणजे वाट थोडी वाकडी करून जावं असं. तीन तारे म्हणजे त्यासाठीच प्रवास करावा असं. म्हणजे तारा हे 'याच्यासाठी मी किती लांब जाऊ?' या एका नेमक्या प्रश्नाचं उत्तर होतं. आणि तो तारा आजही ताटातल्या पदार्थाला मिळतो, झुंबरांना नाही.

अ‍ॅपवरच्या ताऱ्यात मात्र सगळं एकत्र कालवलेलं असतं. पार्किंग मिळालं नाही, एक तारा. घरपोच मागवलेलं थंड आलं, एक तारा. मुलाच्या वाढदिवसाला केक फुकट दिला, पाच तारे. याची सरासरी काढून ४.३ आली तर ते ४.३ काय आहे? १९७९मध्ये न्यूयॉर्कच्या एका जोडप्याने सुरू केलेल्या झॅगट गाइडमध्ये सामान्य गिऱ्हाइकांचीच मतं असायची, पण जेवण, सजावट आणि सेवा यांना ३०पैकी वेगवेगळे गुण असत. ती शहाणी पद्धत होती. सजावट २६ आणि जेवण १५ दिसलं की माणूस ओळखायचा.

दशांशावर तर आपण फारच जीव टाकतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या रेस्टॉरंटांवर २०१२मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. तिथे येल्प हे संकेतस्थळ खरी सरासरी जवळच्या अर्ध्या ताऱ्यापर्यंत ओढून दाखवत असे. म्हणजे ३.७४ असेल तर साडेतीन तारे दिसणार आणि ३.७६ असेल तर चार. दोन्ही जागा खरं तर सारख्याच. तरी तो वरचा अर्धा तारा मिळालेल्यांची टेबलं गर्दीच्या वेळी पूर्ण भरण्याचं प्रमाण १९ टक्के अंकांनी जास्त निघालं. आणि मुळात आकडा बनवताही येतो. २०१७मध्ये लंडनमध्ये ऊबा बटलर नावाच्या पत्रकाराने आपल्या घरामागच्या शेडला रेस्टॉरंट म्हणून ट्रिपअ‍ॅडव्हायझर या अभिप्रायांच्या संकेतस्थळावर नोंदवलं, शेव्हिंग फोमचे 'पदार्थ' सजवून त्यांचे फोटो टाकले, मित्रांकडून अभिप्राय लिहवून घेतले, आणि अस्तित्वातच नसलेली ती जागा शहरात पहिल्या क्रमांकावर पोचवली.

तरीही मी अ‍ॅप वापरतो. आकडा बघत नाही, मजकूर वाचतो. आधी सगळ्यांत नवे अभिप्राय लावून घेतो, कारण आचारी बदलला की दोन वर्षांपूर्वीचे पाच तारे रद्दी. मग तीन तारेवाले वाचतो. पाचवाला प्रेमात असतो, एकवाला भांडणात. तीनवाला बिचारा विचार करून लिहितो. 'अप्रतिम', 'लाजवाब' याने मला काहीच कळत नाही. 'अमुक पदार्थ घ्या, तमुक घेऊ नका' असं लिहिणारा माणूस तिथे खरंच जेवलेला असतो.

हीच गोष्ट माणसांना विचारतानाही. 'इथे चांगलं कुठे मिळेल?' असं विचारलं की समोरचा तुमच्या कपड्यांकडे बघून भारीतल्या जागेचं नाव सांगतो. त्यात त्याचा काही दोष नाही, प्रश्नच ढगळ आहे. 'तुम्ही स्वतः काल दुपारी कुठे जेवलात?' असं विचारून बघा. पहिल्यांदा लोक जरा ओशाळतात. मग 'तसं साधंच आहे हां' म्हणून जे नाव सांगतात, ते लिहून घ्यायचं.

आता सासूबाई आणि पोर. इथे तुम्ही माझ्यापेक्षा पुढे आहात, कारण तुमचा प्रश्न आधीच नेमका आहे: पायऱ्या नकोत, ऑर्डर दिल्यावर पंधरा मिनिटांत काहीतरी ताटात पडावं, स्वच्छतागृह जाण्याजोगं असावं. याला चव शोधणारं माझं नाक काही कामाचं नाही. अभिप्रायांच्या शोधखिडकीत 'जिना', 'लिफ्ट', 'टॉयलेट', 'उशीर' हे शब्द एकेक करून टाका. आपल्या भाषेत टाका, इंग्रजीतही टाका. तिथे हजारो लोकांचं मत खरंच हजारो लोकांचं असतं, कारण पायऱ्या किती आहेत यावर कुणाचा कल ५१-४९ नसतो. मग एक फोन करायचा. फोनवर 'लहान मुलासाठी पटकन काय मिळेल?' याचं सरळ उत्तर मिळालं तर जागा निम्मी पास. 'या ना मॅडम, सगळं मिळेल' असं उत्तर आलं तर दुसरा नंबर फिरवा.

गल्लीबोळ हिंडायचे ते एकट्याने, पोटात थोडं काही असताना, कामाच्या दिवशी. रविवारी रात्री कुटुंबाला घेऊन प्रयोग करू नयेत, हे मूळ लेखात लिहायला हवं होतं. वृत्तपत्रांच्या परीक्षणांना शिस्त लावणारे न्यूयॉर्क टाइम्सचे क्रेग क्लेबोर्नसुद्धा एका जागेबद्दल लिहिण्याआधी तिथे अनेकदा जाऊन जेवत. आपण एकदाच जाऊन, तेही घरच्यांच्या चेहऱ्यांकडे बघत, निकाल कसा देणार?

राहिला नावांचा मुद्दा. अर्धं कारण प्रामाणिक आहे: हे असलं लिखाण वर्षानुवर्षं पडून राहतं, आणि मी सांगितलेला आचारी तोवर तिसरीकडे गेलेला असतो. उरलेलं अर्धं निव्वळ स्वार्थाचं. त्या खुर्चीला पिशवी अडकवणाऱ्या गृहस्थांच्या जागेत एकूण सहा टेबलं आहेत. सातवं बसायला जागा नाही, आणि मला तिथे अजून बरीच वर्षं जेवायचंय. याला काय म्हणायचं ते म्हणा.

मूळ लेखातलं 'डोळे मिटून घुसा' हे वाक्य आज खोडलंय. पुसलेलं नाही, वर रेघ मारून तसंच ठेवलंय, खाली तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून. नाव कळवलंत तर तेही घालतो.