क्लिकचा मथळा वेगळा, शेअरचा वेगळा

"त्याने दार उघडलं आणि पुढे जे घडलं ते पाहून थक्क व्हाल!" असल्या मथळ्यांना आपण सगळेच नाकं मुरडतो. आणि नाक मुरडत क्लिकही करतो. यात लाजण्यासारखं काही नाही. जॉर्ज लोवेनस्टाइन या अभ्यासकाने १९९४ मध्येच हे मांडलंय: आपल्याला जेवढं माहीत आहे आणि जे कळायला हवंसं वाटतं, त्यात फट दिसली की जीव अस्वस्थ होतो. मथळा फट दाखवतो, आपण ती बुजवायला धावतो.

माझं भांडण वेगळं आहे. "व्हायरल होईल असं काहीतरी दे" म्हणणारे क्लिक आणि शेअर एकाच मापाने मोजतात. क्लिक गुपचूप होतं, कोणी बघत नसतं. शेअर चारचौघांत होतो, स्वतःच्या नावानिशी. 'थक्क व्हाल'वाली लिंक मी उघडेन, पण ग्रुपवर टाकून स्वतःचं हसं कशाला करून घेऊ?

समजा लेख कॅफिन आणि झोपेवर आहे. पहिला मथळा: "रात्री झोप येत नाही? कारण वाचून धक्का बसेल". दुसरा: "संध्याकाळी पाचला प्यायलेल्या कॉफीतलं जवळपास निम्मं कॅफिन रात्री दहालाही अंगात असतं". दुसऱ्यात मुद्दा सांगून टाकलाय, तरी 'मग शेवटचा कप कधी घ्यायचा?' हा प्रश्न उरतोच, म्हणजे क्लिकचीही सोय आहे. शिवाय वाचणाऱ्याला लगेच एखादा कॉफीबाज मित्र आठवतो. शेअर होतो तो इथे. पहिला मथळा वाचून कोणाला कोण आठवणार?

अपवर्दी या साइटवर एकेका पोस्टसाठी २५ मथळे लिहायचा शिरस्ता होता (पहिले दहा सुचतात, पुढचे खरवडून काढावे लागतात, हे करून बघितलेल्यालाच कळेल). त्यातले निवडक मथळे वाचकांवर आजमावले जायचे. त्या चाचण्यांच्या माहितीवर २०२३ मध्ये एक अभ्यास आला. सरासरी लांबीच्या मथळ्यात एक नकारात्मक शब्द वाढला की क्लिकचं प्रमाण २.३ टक्क्यांनी वाढतं. हा आकडा लोक फार मिरवतात. पण तो क्लिकचा आहे, शेअरचा नव्हे. न्यूयॉर्क टाइम्समधल्या सुमारे ७,००० लेखांच्या २०१२ मधल्या अभ्यासात संताप आणि चिंतेइतकाच विस्मयही लेख पुढे धाडायला लावतो असं दिसलं. नुसतं दुःख मात्र मागे पडलं. नकारात्मक आहे म्हणून पुढे जाईलच, असं नाही.

आणि मथळ्यात मुद्दा का हवा, तर पुष्कळांसाठी मथळा हाच लेख असतो. ट्विटरवर शेअर झालेल्या ५९ टक्के लिंक कोणी उघडल्याच नव्हत्या, असं २०१६ च्या एका अभ्यासात आढळलं. एनपीआर या अमेरिकी रेडिओ संस्थेने तर १ एप्रिल २०१४ रोजी फेसबुकवर "अमेरिका आता वाचत का नाही?" अशी पोस्ट टाकली. आत लेख नव्हताच, हा एप्रिल फूल आहे, कमेंट करू नका, असं लिहिलं होतं. न उघडताच लोकांनी खाली तावातावाने मतं मांडली.

'थक्क व्हाल'वाले मथळे ओळखून मागे ढकलण्यासाठी फेसबुकनेही २०१४ मध्ये, लोक लिंक उघडून लगेच परत फिरतात का, हे मोजायला सुरुवात केली. वाचक तर त्याहून तयार. 'धक्का बसेल'वाल्या पोस्टखाली कोणीतरी भला माणूस "काही नाही, कॉफी कमी करा" एवढंच लिहून जातो, आणि त्या कमेंटला पोस्टपेक्षा जास्त लाइक पडलेले असतात.