पाळकसाहेबांना परस्पर का बोलवायचं नाही? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, ख्रिस्तात सप्रेम सलाम.

तुमची प्रतिक्रिया शांतपणे वाचली. तिला खाली दोन ओळींत उत्तर देणं बरं दिसलं नसतं, म्हणून वेगळं लिहिते आहे.

मागचा लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चमधल्या आम्हा सगळ्यांचे, पाळकसाहेब (धर्मगुरू) जवळपास वीस वर्षांच्या सेवेनंतर येत्या मे महिन्याच्या शेवटी निवृत्त होऊन जात आहेत. त्यांची मुदत वाढवून द्यावी असा बिशपसाहेबांच्या नावाचा अर्ज सध्या सह्यांसाठी घरोघर फिरतो आहे. मी लिहिलं होतं की त्या अर्जावर मी सही करणार नाही. आणि साहेब गेल्यावर निदान वर्षभर तरी कोणी त्यांना लग्नाला, बाप्तिस्म्याला, मातीला परस्पर बोलवू नये.

त्यावर तुम्ही लिहिलंत : "माझी आई लकव्याने अंथरुणाला खिळली आहे. तिची माती पाळकसाहेबांच्या हातून व्हावी एवढी एकच तिची इच्छा आहे. तिला नाही म्हणणाऱ्या तुम्ही कोण? रेव्हरंड टिळकांनी मिशन सोडलं, पण माणसं सोडली नाहीत. कमिटीतल्यांना जुना पाळक नकोच असतो. शाल-श्रीफळ दिलं की तुम्ही मोकळे."

आधी आईंबद्दल बोलू. तुम्ही पुण्याला असता, त्यामुळे कदाचित तुम्हाला माहीत नसेल, पण प्रभुभोजनाची पेटी घेऊन साहेबांबरोबर तुमच्या घरी जाणाऱ्यांत मीही असते. पेटीतला द्राक्षरस आमचं महिला मंडळ करतं. तासगावचे बेदाणे शनिवारी रात्री भिजत घालायचे, पहाटे उकळून कुस्करायचे आणि पातळ फडक्यातून गाळून घ्यायचे. गाळ राहिला तर अंथरुणावरच्या माणसाला हमखास ठसका लागतो, म्हणून आईंचा रस आम्ही पुन्हा एकदा गाळतो. साहेब भाकरीचा अगदी कण मोडतात, रसात भिजवतात आणि चमच्याने देतात. चमचा डावीकडून. आईंची उजवी बाजू गेलेली आहे, तिकडून दिलं तर घास गालातच राहतो. मान थोडी पुढे झुकवायची, गिळलं का ते पाहायचं, मगच पुढची प्रार्थना. लकवा झाल्यानंतर पहिल्यांदा आम्ही गेलो तेव्हा साहेबांनी पेटी उघडण्याआधी मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "सिस्टर, कुठल्या बाजूने देऊ?"

माझं सगळं म्हणणं या चमच्याभोवती आहे, भाऊ. चमचा डावीकडून द्यायचा हे आज साहेबांना ठाऊक आहे आणि मला ठाऊक आहे. जूनमध्ये नवे पाळक येतील. ते तरुण असतील, घाबरलेले असतील, मंडळीतलं एकही घर त्यांच्या ओळखीचं नसेल. तुम्ही दर महिन्याला साहेबांनाच गाडी पाठवून आणलंत, तर नव्या पाळकांना तुमच्या घरचा जिनासुद्धा माहीत होणार नाही. साहेबही आता थकलेत, त्यांनाही वय आहे. एखाद्या महिन्यात त्यांना यायला जमलं नाही, तर तुम्ही नाइलाजाने नव्यांना बोलवाल, ते उजव्या बाजूला उभे राहतील, आणि आईंना ठसका लागेल. हे होऊ नये म्हणून मी लिहिलं होतं.

मी उभी हयात नर्सिंगमध्ये काढली, शिकले मिरजेतच. ड्यूटी संपली की आम्ही ओव्हर द्यायचो. प्रत्येक खाटेपाशी जाऊन, येणाऱ्या सिस्टरला पेशंटसमोर उभं करून सांगायचं, याला हे चालू आहे, हिला रात्री झोप नव्हती. ओव्हर न देता घरी जाणारी सिस्टर वाईट, हे कोणीही सांगेल. पण ओव्हर देऊनही वॉर्डातून हलत नाही आणि येणारीला हात लावू देत नाही, अशी सिस्टर पेशंटला तितकीच महाग पडते. पेशंटना मात्र ती फार आवडते.

हे मी ऐकीव बोलत नाही. माझं माहेर साताऱ्याकडचं. तिथल्या मंडळीचे म्हातारे पाळक निवृत्त झाले आणि चर्चपासून दोन गल्ल्या सोडून त्यांनी घर बांधलं. देवमाणूस होते. त्यांच्या मनात राजकारण नव्हतं, पण लोकांना "नाही" म्हणणं त्यांना जमलं नाही. त्यांच्यानंतर सेमिनरीतून, म्हणजे पाळकांच्या शाळेतून, नुकतेच बाहेर पडलेले एक तरुण पाळक आले, बायको आणि तान्हं मूल घेऊन. पहिलंच लग्न निघालं, घरच्यांनी जुन्या पाळकांना बोलावलं. नवे पाळक दुसऱ्या बाकावर बसले. मग एक बाप्तिस्मा, मग दुसरा. आजाऱ्यांकडे जुने, घरसभेला जुने, नव्यांकडे उरला फक्त रविवारचा संदेश. माणसाच्या घरात कधी पाऊलच पडलं नाही, तर त्याला संदेश तरी कोणापुढे द्यायचा हे कसं कळणार? एकदा एका घरी मयत झाली, तेव्हा नवे पाळक न बोलावता गेले, कारण जाणं त्यांचं काम होतं. ते दाराशी बायबल घेऊन उभे राहिले आणि कोणी त्यांना आत या म्हटलं नाही. मी त्या घरात होते. तिसऱ्या वर्षी त्यांनी बदली मागून घेतली.

त्यानंतर बराच काळ तिथे कायमचा पाळकच नव्हता. महिन्यातून एकदा कोणीतरी बाहेरून येऊन प्रभुभोजन द्यायचं. जुन्या पाळकांचे गुडघे गेले, मग तेही प्रभूकडे गेले. ज्यांनी अख्ख्या गावाची माती केली, त्यांच्या मातीला परगावचे पाळक आणावे लागले आणि त्यांनी मयताचं नाव चिठ्ठीवरून वाचलं. तुमच्या आईंच्या वाट्याला हे येऊ नये असं मला वाटतं, आणि आपल्या साहेबांच्या वाट्याला तर मुळीच येऊ नये.

टिळकांचं उदाहरण तुम्ही दिलंत, ते बरं झालं, कारण ते साताऱ्याचंच आहे. 1917 मध्ये ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि ते साताऱ्याला आले. तिथे त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. 1919 मध्ये ते गेले, म्हणजे या कामाला त्यांना जेमतेम दोन वर्षं मिळाली. माणसं त्यांनी सोडली नाहीत हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण त्यांनी काय केलं तेही बघा. नगरला त्यांचा केवढा गोतावळा होता! तो तिथेच ठेवून ते नव्या गावी आले आणि नवं काम उभं केलं. जुन्या ठिकाणी राहून, आपल्यामागून आलेल्यांच्या डोक्यावरून त्यांनी दरबार भरवला नाही. साहेबांनीही पुढे असंच काही करावं असं मला मनापासून वाटतं. त्यांचा आवाज अजून खणखणीत आहे, अभंगाच्या चालीवरची भजनं पेटी-तबल्यावर त्यांच्यासारखी कोणी बसवत नाही. जिथे जातील तिथल्या पोरांना शिकवू देत.

मला स्वतःला धीर येतो तो बायबलातल्या प्रेषितांच्या कृत्यांच्या विसाव्या अध्यायाने. प्रेषित पौलाने इफिसात तीन वर्षं काढली होती. जाताना त्याने मिलेताला मंडळीच्या वडिलांना, म्हणजे वडीलधाऱ्या पुढाऱ्यांना, बोलावून घेतलं आणि कळप त्यांच्या हवाली केला. आपलं तोंड तुम्ही पुन्हा पाहणार नाही, असंही सांगून टाकलं. ते सगळे त्याच्या गळ्यात पडून रडले, आणि त्याला जहाजापर्यंत पोचवायला गेले. रडणं त्यात आहे, गळ्यात पडणं आहे, पोचवायला जाणंही आहे. पण त्याने कळप कोणाच्या हातात दिला? पुढच्या पाळकाच्या नव्हे. मंडळीच्या वडिलांच्या, म्हणजे तुमच्या-माझ्यासारख्या, मागे राहणाऱ्या माणसांच्या हातात. आपण मात्र गेली कित्येक वर्षं सगळं साहेबांवर टाकून निवांत राहिलो. कोणाकडे दुखणं आहे, कोणाचा मुलगा घर सोडून गेलाय, कोणत्या दोन भावांत वाटणीवरून बोलणं बंद आहे, हे सगळं एका माणसाच्या पोटात. मुदत वाढवून मागायची ती त्यासाठीच, आपल्याला ते ओझं उचलायला नको म्हणून. अर्जावर सही न करण्याचं माझं कारण हे आहे.

अर्ज करणाऱ्या वडीलधाऱ्यांवर माझा राग नाही. त्यांच्या मनात "पाळक आपण निवडायचा" ही गोष्ट खोल रुजलेली आहे, आणि तिला आधार आहे. आपल्या सांगली-मिरजेकडच्या जुन्या मंडळ्या अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या कामातून उभ्या राहिल्या. त्या पद्धतीत मंडळी स्वतः पाळकाला पाचारण करायची. पुढे 1924 मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियात एकत्र आल्या. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्च-संघटनांचं मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा त्यात गेलेल्या आमच्यासारख्या मंडळ्यांत बिशप आले आणि पाळकांच्या नेमणुका त्यांच्या हाती गेल्या. जुन्या माणसांना वाटतं की हक्क गेला. तो विषय वेगळा आहे, आणि त्यावर बोलायला मी तयार आहे. पण पाचारणाच्या काळातही पाचारण संपलं की प्रेस्बिटरी, म्हणजे त्या भागातल्या मंडळ्यांची वरची सभा, पाळकाला त्या जागेतून मोकळं करत असे. जन्मभराचा पाळक तेव्हाही कोणी देत नव्हतं.

कमिटीला जुना पाळक नको असतो, हे मात्र माझ्या जिव्हारी लागलं. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णामाई 57 फुटांच्या वर चढली होती, तेव्हा चर्चच्या हॉलमध्ये मी साहेबांबरोबर होते. पुरामुळे तिथे येऊन झोपलेल्यांत कोण आपल्या मंडळीचं आणि कोण नाही, हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्हालाही विचारू दिलं नाही. एका आजोबांची इन्सुलिन बर्फात ठेवायला थर्मास मिळेना, तर स्वतःच्या घरातला, पाहुण्यांसाठी जपून ठेवलेला थर्मास त्यांनी आणून दिला. असा माणूस नको असं मला वाटेल? ते जाणार म्हणून मला रडू येतं, आणि निरोपाच्या उपासनेतही मी रडणार आहे.

शाल-श्रीफळाचं तुम्ही लिहिलंत ते मात्र शंभर टक्के बरोबर आहे. आपले पाळक आयुष्यभर मंडळीच्या बंगल्यात राहतात. निवृत्तीच्या दिवशी पगार थांबतो आणि छप्परही जातं. ज्यांनी एवढ्या लग्नांत मांडवाखाली आशीर्वाद दिला, त्यांना साठीनंतर भाड्याची खोली शोधावी लागते. म्हणून मी कमिटीत लेखी मांडलं आहे : फ्लेक्स नको, व्यासपीठ नको, हारतुरे नकोत. त्यांचा जो प्रवासभत्ता द्यायचा राहिला आहे तो कार्यक्रमाच्या आधी बँकेत जमा करा. सामानाच्या ट्रकचं भाडं मंडळीने द्या. आणि नवे पाळक येईपर्यंत बंगला रिकामा करायची घाई करू नका. यावर अजून मतभेद आहेत. अर्जावर सह्या करणाऱ्या प्रत्येकाने याही कागदावर सही केली तर फार काम होईल. तुमची पहिली सही मिळाली तर मला आनंदच आहे.

आता तुमच्या आईंची इच्छा. मी "परस्पर" बोलवू नका असं लिहिलं होतं, आणि त्या शब्दावर मी ठाम आहे. नवे पाळक आले की पहिल्याच भेटीत त्यांना आईंची इच्छा सांगून ठेवा. वेळ येईल तेव्हा, ती प्रभूच्या हाती आहे, नवे पाळक स्वतः साहेबांना फोन करून बोलावतील. विधी नवे पाळक चालवतील, दफनाच्या रजिस्टरला नोंद ते करतील, आणि साहेब वचन वाचतील, प्रार्थना करतील, मूठभर माती देतील. आईंची इच्छाही राहील, आणि नव्या माणसाला दाराशी उभं राहावं लागणार नाही. मी साहेबांशी बोलले आहे. ते म्हणाले, "मला त्यांनी बोलावलं तर मी कुठूनही येईन. त्यांनी नाही बोलावलं तर मी घरी बसून प्रार्थना करीन." लग्नांचंही असंच करता येईल. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे रजिस्टर आणि सह्या लागतातच, तेव्हा त्यात दोन पाळकांचा घोळ न झालेला बरा.

ओव्हर द्यायचं कामही सुरू झालं आहे. ईस्टरनंतर साहेब मंडळीतले दोन वडील आणि महिला मंडळातली एक बहीण यांना घेऊन घराबाहेर पडू न शकणाऱ्या सगळ्यांकडे जाणार आहेत. नवे पाळक आले की हेच तिघे त्यांना त्या घरांत घेऊन जातील. एक वही केली आहे. तिच्यात घरातल्या भानगडी लिहायच्या नाहीत, हे साहेबांनी बजावलं आहे, ते ज्याचं त्याने सांगायचं. वहीत फक्त एवढंच : कोणत्या वेळी जायचं, ऐकू येतं का, गिळता येतं का, कोणतं गीत म्हणायचं. तुमच्या आईंच्या पानावर चमच्याचं मी लिहिलं आहे. गीताची जागा रिकामी आहे. लकव्यानंतर त्यांना बोलता येत नाही, आणि साहेब म्हणतात त्या पूर्वी सगळीच गीतं म्हणायच्या. तुम्हाला लहानपणापासून माहीत असेल. तेवढं कळवा. आणि सकाळी दहाच्या सुमाराला आलेलं चालेल का, की तेव्हा आईंना अंघोळ घालायला बाई येतात, तेही सांगा, म्हणजे त्याप्रमाणे वेळ टाकते.