कुर्डी गाव शापाने बुडालेले नाही

गोव्याच्या सांगे तालुक्यातील कुर्डी गावाविषयी एक संदेश सध्या फिरत आहे. गाव शापामुळे एका रात्रीत बुडाले, दर मे महिन्यात ते चमत्काराने वर येते, तेथील प्राचीन महादेव मंदिर पाण्याखाली अभंग उभे आहे आणि गावकरी सरकारी मोबदल्यावर सुखात नांदत आहेत, असे त्यात म्हटले आहे. माझ्या सासूबाईंनी तो भक्तिभावाने सगळ्या नातेवाइकांना पाठवला, तेव्हा गप्प बसणे अशक्य झाले.

शापाचे प्रकरण लवकर मिटते. गाव साळावली धरणाच्या जलाशयात गेले ते 1980 च्या दशकात. परंतु धरण होणार असल्याचे गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांनी स्वतः गावात येऊन सांगितले होते, आणि बांदोडकरांचे निधन 1973 मध्ये झाले. इतकी लांबलेली रात्र कोणत्या पंचांगात सापडते, हे संदेशकर्त्यानेच सांगावे.

कदंबकालीन महादेव मंदिर तर पाण्याखाली नाहीच. पुरातत्त्व खात्याने त्याचा एकेक दगड उतरवून ते सुमारे 17 किलोमीटरांवर, धरणाजवळ पुन्हा उभारले.

गाव मे महिन्यात दिसते, एवढे मात्र मान्य करावे लागेल. उन्हाळ्यात जलाशयाची पातळी उतरते, तेव्हा घरांची चिऱ्याची जोती, झाडांचे वाळके बुंधे आणि ख्यातनाम शास्त्रीय गायिका मोगूबाई कुर्डीकरांच्या घराचे अवशेष उघडे पडतात. पाऊस लागला की सारे पुन्हा बुडते. यात चमत्कार कसला?

खरा संताप येतो तो ‘सुखात नांदत आहेत’ या शब्दांचा. सहाशेहून अधिक कुटुंबे उठवून वाडे, वालकिणी येथे वसवली गेली. त्यांना जमीन आणि मोबदला मिळाला, हे खरे. पण तो किती तुटपुंजा होता, हे विस्थापित आजही सांगतात. धरणाचे पाणी दक्षिण गोव्याला मिळते, याबद्दलही वाद नाही. मात्र ज्यांनी त्यासाठी गाव सोडले, त्यांचे काय झाले? बीबीसीच्या 2019 च्या वृत्तांतात मूळ गावकऱ्यांनी स्वतःच सांगितले आहे की, आश्वासन दिलेले नळाचे पाणी त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नाही, एप्रिल-मेमध्ये नव्या वस्तीतील विहिरी आटतात आणि त्यांना सरकारी टँकरवर विसंबावे लागते.